मुंबई ते कोची, दोघांनीच: शिडाच्या बोटीवरच्या पहिल्या लांब सफरीची तयारी

दोघांनी बोट चालवायची म्हटलं की एक जण सुकाणूवर आणि दुसरा शिडाच्या दोरांवर असं चित्र डोळ्यांपुढे येतं. गेटवेहून मांडव्याला जाऊन यायचं असेल तर ते खरंही आहे. पण प्रवासात रात्र आली की कुणातरी एकाला झोपावंच लागतं, आणि तो झोपला की बोट एकट्या माणसाच्या हाती असते. चोवीस तासांतला बराचसा वेळ असाच जातो. म्हणून लांबच्या सफरीची सगळी तयारी मी एकाच प्रश्नावर तपासते: हे काम रात्री दोन वाजता, जोडीदाराला न उठवता, एकट्याने होईल का? होणार नसेल तर बोटीत बदल करायचा, नाहीतर ते काम अंधारात करायचंच नाही असं आधी ठरवून टाकायचं.

ज्या नवरा-बायकोकडे स्वतःची ३२ ते ४० फुटी बोट आहे, मुंबई बंदरात दिवसाचं सेलिंग ज्यांना नीट जमतं आणि ज्यांना आता पुढे जायचं आहे, त्यांच्यासाठी हे लिहिते आहे.

कुठे जायचं आणि कधी

पहिली मोठी सफर कोचीची करा. मुंबई ते गोवा साधारण २२० सागरी मैल, तिथून कोची आणखी ३५० च्या आसपास. पाच नॉटची (ताशी पाच सागरी मैलांची) सरासरी धरली तर न थांबता पाच दिवस. किनारा सतत डाव्या हाताला राहतो, काही बिघडलं तर आत शिरायला बंदरं आहेत आणि शेवटी कोचीच्या बोलगाट्टीला धक्क्याला बोट लावता येईल अशी मरिना आहे. थेट लक्षद्वीप किंवा मालदीवचं स्वप्न असेल तर ते पुढच्या वर्षी. लक्षद्वीपला परवाना लागतो, मालदीवला जाताना कस्टम्स आणि इमिग्रेशनच्या रीतसर मंजुरीशिवाय बंदर सोडता येत नाही, आणि दोन्हीकडे वाटेत आसरा नाही.

नारळी पौर्णिमेनंतर कोळी बांधवांच्या होड्या समुद्रात जायला लागतात, पण छोट्या यॉटसाठी तो काळ योग्य नव्हे. ऑगस्टमध्ये लाटा मोठ्या असतात, आणि ऑक्टोबर-नोव्हेंबर हा अरबी समुद्रातल्या वादळांचा हंगाम. फयान नोव्हेंबर २००९ मध्ये आलं, ओखी तर २०१७ च्या डिसेंबरच्या सुरुवातीला आपल्या किनाऱ्याकडे सरकलं होतं. दुसऱ्या टोकाला मे महिना आहे: तौक्ते १७ मे २०२१ ला मुंबईजवळून गेलं तेव्हा समुद्रात काय झालं ते मुंबईकर विसरलेले नाहीत. मधला, डिसेंबरच्या मध्यापासून फेब्रुवारी अखेरपर्यंतचा काळ तुमचा. तेव्हाही हवामान खात्याचा आणि हैदराबादच्या इन्कॉइस या समुद्राची माहिती देणाऱ्या संस्थेचा लाटांचा अंदाज पाहिल्याशिवाय नांगर उचलायचा नाही.

या दिवसांत कोकण किनाऱ्यावरचा वारा घड्याळासारखा चालतो. रात्री उशिरा जमिनीकडून मतलई वारा सुटतो, सकाळी दहा-अकरापर्यंत टिकतो. मग एक-दोन तास पडतो. दुपारी वायव्येकडून खारा वारा चढतो, संध्याकाळपर्यंत १२ ते १५ नॉट होतो आणि रात्री पुन्हा मावळतो. दक्षिणेला जाताना हा खारा वारा पाठीमागून मिळतो, त्यामुळे जाणं सुखाचं. परत येताना तोच वारा तोंडावर असतो. नवखे लोक जाण्याचाच हिशोब करतात आणि परतीला वैतागतात, म्हणून परतीचं पुढे वेगळं सांगते.

दोघांनाही सगळं आलं पाहिजे

बहुतेक जोड्यांमध्ये एकाला जास्त येतं आणि दुसरा मदत करतो. बंदरात हे खपतं. समुद्रात जास्त जाणणारा माणूसच आजारी पडला किंवा पाण्यात पडला, तर उरलेल्याला बोट थांबवता, वळवता, इंजिन चालू करता, रेडिओवर बोलता आणि सुरक्षित बंदरात आणता आली पाहिजे. याची परीक्षा घरच्या घरी घेता येते. एका रविवारी ज्याला जास्त येतं त्याने दिवसभर खाली केबिनमध्ये बसायचं, तोंड उघडायचं नाही. दुसऱ्याने मुरिंग, म्हणजे बोट बांधून ठेवायची पाण्यातली जागा, सोडायचं, खांदेरीला वळसा घालायचा आणि परत येऊन मुरिंग पकडायचं. शेवटचं काम सगळ्यात अवघड, कारण उधाणाच्या दिवसांत गेटवेसमोर पाण्याचा ओढ भारी असतो. पुढच्या रविवारी अदलाबदल: स्वयंपाक, बिल्ज (बोटीच्या तळातली पाणी साचायची जागा), बॅटरी, पाण्याचा हिशोब हे ज्याने कधी केलं नाही त्याने करायचं.

नौदलाच्या लेफ्टनंट कमांडर दिलना के. आणि रूपा ए. या दोघी २ ऑक्टोबर २०२४ ला गोव्याहून ‘तारिणी’ घेऊन निघाल्या आणि मे २०२५ मध्ये पृथ्वीप्रदक्षिणा करून परतल्या. केप हॉर्नसारख्या पाण्यातून दोघींनी ५६ फुटी बोट नेली. त्यांच्या प्रवासाकडे पाहताना मला सगळ्यात मोठी गोष्ट ही वाटते की दोघींपैकी कुणीही एक दुसरीची मदतनीस नव्हती. जोडप्यांनी त्यांच्याकडून नेमकं हेच घ्यावं.

बोटीत काय बदलायचं

सुरुवात ऑटोपायलटपासून. हाताने सुकाणू धरून दोन माणसं पाच दिवस काढू शकत नाहीत. दुसऱ्याच रात्री डोकं चालेनासं होतं. ऑटोपायलट बोटीच्या वजनाला कमी पडेल असा घेऊ नका, आणि जमलं तर वाऱ्यावर चालून सुकाणू सांभाळणारी विंडव्हेनही बसवा. ती वीज खात नाही. ऑटोपायलट, नेव्हिगेशनचे दिवे, एआयएस (जहाजांना एकमेकांची जागा कळवणारं यंत्र), रेडिओ आणि फ्रिज यांचा मिळून दिवसाला सहज १०० अँपिअर-तासांच्या वर खर्च होतो, तेव्हा सोलर पॅनेल आणि बॅटऱ्या त्या हिशोबाने हव्यात. वीज कमी पडली तर पहिल्यांदा फ्रिज बंद करायचा, ऑटोपायलट शेवटी.

दुसरं, शीड आवळायचे सगळे दोर कॉकपिटपर्यंत, म्हणजे सुकाणूपाशी बसायच्या जागेपर्यंत, आणा. रीफ घेण्यासाठी, म्हणजे शीड लहान करण्यासाठी, रात्री डोलकाठीपाशी जावं लागत असेल तर ती बोट अजून दोघांची झालेली नाही. आणि खारा वारा कितीही छान चालू असला तरी सूर्य मावळण्याआधी एक रीफ घेऊन टाका. अर्धा नॉट वेग जाईल, त्याच्या बदल्यात झोपणाऱ्याला निवांत झोप मिळेल.

इंजिनाकडे दुर्लक्ष नको, कारण या किनाऱ्यावर वारा पडला की तेच चालवावं लागतं. वर्षभर मुरिंगवर उभ्या राहिलेल्या बोटीच्या डिझेल टाकीत गाळ साचतो. पहिल्या मोठ्या लाटेत तो ढवळतो आणि फिल्टर तुंबून इंजिन बंद पडतं. निघण्याआधी टाकी साफ करून घ्या, अर्धा डझन फिल्टर, दोन इंपेलर (इंजिनाच्या पाण्याच्या पंपातली चक्रं) आणि बेल्ट बरोबर ठेवा, आणि फिल्टर बदलून हवा काढण्याचं काम दोघांनीही स्वतःच्या हाताने एकेकदा करा. बोटीचा तळही घासून, रंगवून घ्या. मुंबईच्या पाण्यात शिंपले फार पटकन धरतात आणि एक नॉट वेग त्यातच जातो.

खरेदीसाठी मुंबईसारखं शहर नाही. शॅकल, साखळी, दोर, हत्यारं नागदेवी स्ट्रीटला. वायर, फ्यूज, दिवे लोहार चाळीत. आणि वेळ असेल तर दारूखान्यात एक चक्कर मारा, तोडलेल्या जहाजांवरचं पितळी आणि स्टेनलेसचं उत्तम सामान तिथे मिळतं. जीव ज्यावर अवलंबून आहे अशा वस्तू मात्र, म्हणजे लाइफजॅकेट, हार्नेस (स्वतःला बोटीला अडकवायचा पट्टा), लाइफराफ्ट, जुन्या घ्यायच्या नाहीत.

कुणी पाण्यात पडलं तर

या भागावर सगळ्यात जास्त वेळ द्या. दोघांच्या बोटीवर एक पाण्यात पडला म्हणजे अर्धी माणसं गेली, आणि उरलेला बहुधा झोपेत असतो. आपल्याकडे पाणी कोमट असतं, त्यामुळे लाइफजॅकेट घातलेला माणूस बरेच तास जगू शकतो. प्रश्न त्याला अंधारात शोधण्याचा आणि वर काढण्याचा आहे.

म्हणून पहिला नियम न पडण्याचा. सूर्य मावळल्यापासून उगवेपर्यंत कॉकपिटमध्ये असताना हार्नेस अडकवलेलाच हवा. कंपॅनियनवेच्या, म्हणजे केबिनमधून वर येणाऱ्या, पायऱ्यांवर असतानाच हुक कॉकपिटमध्ये अडकवायचा, मग वर यायचं. दुसरा झोपलेला असताना कॉकपिट सोडून पुढे जायचं नाही. जावंच लागलं तर त्याला उठवायचं, तो कॉकपिटमध्ये येऊन बसेपर्यंत थांबायचं. आणि पुरुषांना स्पष्टच सांगते: कठड्याशी उभं राहून लघवी करायची नाही, खाली जायचं किंवा बादली वापरायची. या सवयीने जगभरात माणसं गेली आहेत.

दोघांच्याही लाइफजॅकेटवर दिवा, शिट्टी आणि एआयएसचा छोटा बीकन लावा. माणूस पाण्यात पडताच बीकन चालू होतो, बोटीवर अलार्म वाजतो आणि पडलेला कुठे आहे ते स्क्रीनवर दिसतं. झोपेतून उठून आलेल्याकडे एरवी काहीच माहिती नसते.

मग काय करायचं त्याचा क्रम असा बसवा की विचार करावा लागू नये. एमओबीचं (माणूस पडल्याची जागा नोंदवणारं) बटण दाबा, दिवा असलेला गोल फेका आणि बोट ताबडतोब थांबवा: पुढचं शीड न सोडता बोट वाऱ्यातून वळवली की ती जवळजवळ जागीच उभी राहते. लगेच १६ नंबरच्या चॅनेलवर मेडे, म्हणजे जिवाच्या संकटाची हाक, द्या. एकट्याने प्रयत्न करून पाहतो, मग बोलावतो, असं करू नका; मदत यायला वेळ लागतो आणि नको असेल तर थांबवता येते. कुठला दोर पाण्यात लोंबत नाही ना हे पाहून इंजिन चालू करा, हळू जवळ जा, आणि माणूस हाताशी आला की आधी त्याला बोटीला बांधा. वर काढणं त्यानंतर.

वर काढण्याची ताकद कुणाच्याच हातात नसते. भिजलेल्या कपड्यांतल्या ८० किलोच्या माणसाला ५५ किलोची बायको हाताने उचलू शकत नाही, आणि नवराही दमलेल्या बायकोला कठड्यावरून सहज ओढू शकत नाही. त्यासाठी चार पदरी कप्पी आधीच तयार करून पिशवीत ठेवा, किंवा मोकळा हॅलयार्ड (शीड चढवायचा दोर) लाइफजॅकेटच्या उचलायच्या फासात अडकवून विंचवर (दोर ओढायच्या चक्रीवर) चढवा. मांडव्याला नांगर टाकून, भांगाच्या (भरती-ओहोटी लहान असते त्या) दिवसांत, ओढ थांबलेली असताना, खरोखर एकाने पाण्यात उतरायचं आणि दुसऱ्याने त्याला एकट्याने वर काढायचं. मग उलट. जोवर दोघांनाही हे जमत नाही तोवर निघायचं नाही, इतकं हे महत्त्वाचं आहे.

कागदपत्रं आणि रेडिओ

नोंदणी, विमा, दोघांचं ओळखपत्र, रेडिओचा परवाना आणि तो चालवण्याचं प्रमाणपत्र एका जलरोधक पाकिटात ठेवा. २६/११ नंतर किनाऱ्यावरची पाळत कडक आहे आणि ती असायलाच हवी. तटरक्षक दल किंवा नौदल रेडिओवर हाक देईल तेव्हा लगेच उत्तर द्या: बोटीचं नाव, किती माणसं, कुठून निघालो, कुठे चाललो, आत्ता कुठे आहोत. एआयएस फक्त ऐकणारा नको, पाठवणाराही हवा. ईपर्ब (संकटात उपग्रहामार्फत सिग्नल देणारा बीकन) घेतला की त्याची नोंदणी बंगळुरूच्या केंद्रात करा; नोंद नसेल तर तो सिग्नल कुणाचा आणि घरी कुणाला फोन करायचा हे शोधण्यात वेळ जातो. तटरक्षक दलाचा आपत्कालीन क्रमांक १५५४ आहे; किनाऱ्यावर तुमची वाट पाहणाऱ्या माणसाकडे तो, बोटीचा फोटो आणि मार्ग द्या.

सॅटेलाइट फोनबद्दल सावध राहा. इरिडियम आणि थुराया परवानगीशिवाय आपल्या हद्दीत वापरता येत नाहीत, आणि परदेशात सर्रास मिळणारे मेसेज पाठवायचे छोटे यंत्रही बऱ्याचदा इरिडियमवरच चालतात. परदेशातून कुणी भेट म्हणून आणलं तरी ते बोटीवर घेऊ नका.

रात्रीचे पहारे

आम्ही तीन-तीन तासांचे पहारे ठेवतो: ७ ते १०, १० ते १, १ ते ४, ४ ते ७. वेळा रोज त्याच. अदलाबदल केली की शरीराला सवय लागत नाही. पहिल्या दोन रात्री वाईट जातात, कुणालाच झोप लागत नाही. तिसऱ्या रात्री दोघंही पडल्या पडल्या झोपतात. म्हणूनच पहिले दोन दिवस कुठलाही मोठा निर्णय घ्यायची वेळ येऊ नये असा मार्ग आखा. दिवसा मोकळं ठेवा, पण दोघांनाही दुपारी एकेक झोप हवीच.

पहाऱ्यावर दर दहा मिनिटांनी उठून चहूकडे बघायचं. १८ नॉटने येणारं जहाज आणि तुम्ही समोरासमोर असाल तर दहा मिनिटांत जवळपास चार मैलांचं अंतर संपतं. मोठी जहाजं एआयएसवर दिसतात. न दिसणाऱ्या छोट्या होड्या खऱ्या काळजीच्या. स्क्रीनकडे बघत बसू नका, डोळे अंधाराला सरावू द्या.

जोडीदाराला कधी उठवायचं हे लिहून ठेवा: एखादं जहाज मैलाच्या आत येणार असेल, वारा १८ नॉटच्या वर गेला, इंजिनाचा आवाज बदलला, किंवा नुसतीच भीती वाटली. शेवटचं कारण बाकीच्यांइतकंच पुरेसं आहे. आणि उठवलं म्हणून कुणी कुणावर चिडायचं नाही, हे निघण्याआधी मोकळेपणाने बोलून घ्या. चिडण्याच्या भीतीने न उठवणं हे दोघांच्या बोटीवरचं सगळ्यात मोठं संकट आहे, असं माझं ठाम मत आहे.

खाणं-पिणं

पहिल्या दोन दिवसांचं जेवण घरूनच करून न्या. तेव्हा ओट्याशी उभं राहवत नाही. दशम्या, तिखट-मिठाच्या पुऱ्या, मेतकूट, लाडू. नंतर मुगाची खिचडी हा राजा: प्रेशर कुकरचं झाकण घट्ट बसतं, बोट हलली तरी सांडत नाही. थालीपिठाची भाजणी, कांदे-बटाटे, लिंबं, कोकम टिकतात. पिण्याचं आणि रांधायचं पाणी माणशी दिवसाला चार लिटर धरा, अंदाजापेक्षा दुप्पट दिवसांचं घ्या आणि एकाच टाकीत ठेवू नका. गॅसचा कॉक स्वयंपाक झाला की सिलिंडरपाशीच बंद करायचा. गळलेला गॅस बिल्जमध्ये जाऊन बसतो.

बोट लागण्यावरच्या गोळ्या डॉक्टरांना विचारून आदल्या रात्रीच सुरू करा, आणि कुठली गोळी झोप आणते ते आधी जमिनीवर घेऊन बघा. पहाऱ्यावर पेंगणारा माणूस उपयोगाचा नाही.

निघायचा दिवस आणि पुढचा किनारा

अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणात निघू नका. अष्टमीच्या आसपास, भांगात, मुंबईत भरती सकाळी सहाच्या आगेमागे पुरी होते. तेव्हा निघालं की दुपारपर्यंत ओहोटी मंद ओढीने बाहेर नेते आणि वर मतलई वाराही मिळतो. जहाजांचा मुख्य मार्ग शक्य तितका काटकोनात ओलांडा. तिथे आपण शिडावर असलो तरी मोठ्या जहाजाच्या वाटेत यायचं नाही. प्रॉंग्ज दीपगृह, मग खांदेरी बाहेरून, आणि रेवदंड्यासमोरच्या चौल कडूच्या खडकापासून लांब. मुंबई हाय, हीरा, नीलम ही तेलक्षेत्रं पश्चिमेला आणि नैर्ऋत्येला आहेत. तिथल्या प्रत्येक प्लॅटफॉर्मभोवती ५०० मीटरची बंदी आहे. आपल्याला इतकं बाहेर जायची गरजच नाही.

किनाऱ्यापासून पंधरा-वीस मैल राहिलं की डोल जाळी आणि इतर छोट्या जाळ्यांची गर्दी मागे पडते. ट्रॉलर तिथेही भेटतात. कुणी तांडेल (होडीचा प्रमुख) बॅटरी हलवून दाखवत असेल तर तो जाळं कुठल्या दिशेला आहे ते सांगतो आहे. वेग कमी करा, हात करा, लांबून जा. रत्नागिरी-मालवणपर्यंत मराठीत हाक मारली की नीट वाट सांगतात. त्यांचं जाळं म्हणजे त्यांचं पोट आहे, ते आपल्या हौसेपायी फाटता कामा नये. तरी पंख्यात दोर अडकलाच तर लगेच न्यूट्रल करा. कापायला पाण्यात उतरणं फक्त दिवसा, शिडं उतरवून, कमरेला दोर बांधून, आणि दुसरा वर उभा असताना.

पहिला मुक्काम जयगडला करा, मुंबईपासून साधारण १०० मैल. मध्ये एकच रात्र येते आणि वायव्येच्या वाऱ्यापासून तिथे चांगला आडोसा आहे. तिथून विजयदुर्ग दिवसभराचं अंतर. या किनाऱ्यावरचं माझं सगळ्यात आवडतं बंदर. रात्री वाटेत तोळकेश्वर, जयगड, रत्नागिरी, देवगड अशी दीपगृहं एकामागून एक मिळत जातात. प्रत्येकाच्या लुकलुकण्याची वेळ यादीत पाहून मोजा, जीपीएस बरोबर आहे याची तीच खात्री. वेंगुर्ल्यासमोरच्या खडकांना भरपूर अंतर ठेवा. कोकणातल्या खाड्यांच्या तोंडाशी वाळूचे बांध असतात. चढत्या भरतीला आणि सूर्यप्रकाशातच आत शिरायचं. लवकर पोचलात तर शिडं कमी करून बाहेरच उजाडेपर्यंत थांबा.

गोव्यापासून कोची तीन दिवस. इथेच खरी सफर सुरू होते, कारण सलग तीन रात्री पहारे लागतात. मंगळुरूपर्यंत वारा कोकणासारखाच, पुढे तो हलका होतो आणि डिझेल जास्त लागतं. निदान ४० तास इंजिन चालेल इतकं घ्या. कोचीत दिवसाच शिरा. तोंडाशी चिनी जाळी, फेरी आणि मोठी जहाजं यांची एकत्र गर्दी असते आणि ओढही चांगली असते. मरिनाला आधी फोन करून ओहोटीला किती खोली असते आणि तुमच्या कीलला (बोटीखालच्या पात्याला) ती पुरेल का, हे विचारून घ्या.

परत येताना

नोव्हेंबर ते फेब्रुवारी किनाऱ्यालगतचा समुद्रप्रवाह उत्तरेकडे वाहतो, मार्चनंतर वायव्येचा वारा वाढत जातो. म्हणून फेब्रुवारीच्या पहिल्या पंधरवड्यातच कोची सोडा. पहाटे मतलईवर निघायचं, अकरापर्यंत जेवढं उत्तरेला जाता येईल तेवढं जायचं, वारा पडला की इंजिन, आणि खारा वारा जोर धरू लागला की जवळच्या बंदरात नांगर टाकायचा. परतीला जाण्याच्या दुप्पट दिवस धरा आणि सुटी तशीच मागा. मुंबईत पावसाळ्यासाठी बोट पाण्याबाहेर काढायची जागा मे अखेरीस मिळणं कठीण होतं. ती डिसेंबरात निघण्याआधीच सांगून ठेवा.